झोपलेला माल

५ ऑगस्ट, मंगळवार

बायको म्हणाली, रोज घरी आल्यावर तासभर मला ऐकवण्यापेक्षा कुठेतरी लिहीत जा. म्हणून ही वही.

आज संध्याकाळच्या वर्गाचं पहिलं व्याख्यान झालं. समोर चाळीसेक जण, बहुतेक दिवसभर नोकरी करून आलेले, म्हणजे जांभई दाबण्यात पटाईत. हिशेबाची तत्त्वं आणि कंपनीचं अर्थव्यवस्थापन असा दोन विषयांचा मिळून एकच पेपर माझ्या गळ्यात पडलाय. उमेदीची सगळी वर्षं कंपन्यांच्या हिशेब खात्यांत घासली आणि आता पन्नाशीत मास्तर झालोय. विभागप्रमुख बाईंनी स्पष्टच सांगितलं, सत्र संपताना विद्यार्थी काय अभिप्राय देतात ते बघू, मग तुम्हाला कायम करायचं की नाही ते ठरवू.

आवाज सुरुवातीला चिरकला. नंतर ठीक झालं.

७ ऑगस्ट, गुरुवार

गुणोत्तरं शिकवली. कंपनी टपरीएवढी असो की डोंगराएवढी, विक्रीमागे माल किती पडून आहे, कर्जामागे भांडवल किती आहे, हे प्रमाण काढलं की आकाराचा फरक गळून पडतो आणि खरी प्रकृती दिसते. "फोटो मोठा केला म्हणून चेहरा बदलत नाही," असं म्हणालो. लोकांनी लिहून घेतलं. पहिल्यांदाच कुणीतरी माझं वाक्य लिहून घेतलं, त्यामुळे घरी येताना चाल जरा बदलली होती.

१० ऑगस्ट, रविवार

ताईकडे गेलो होतो. दरवर्षीप्रमाणे तिने बँकेत द्यायच्या आधी हिशेब माझ्यापुढे ठेवले. बाबांच्या मागे बटणांचा कारखाना तिनेच चालवला. मी शिकलो आणि दुसऱ्यांच्या कंपन्यांचे आकडे मांडत बसलो. खेळत्या भांडवलासाठी बँक तिला एका मर्यादेपर्यंत उचल देते, आणि ते लिमिट दरवर्षी नव्याने मंजूर करून घ्यावं लागतं. यंदा एका शर्टवाल्या कंपनीची मोठी ऑर्डर आहे, म्हणून ते जास्तच गरजेचं.

ताळेबंद पाहिला. मालाचा आकडा फुगलेला. मागच्या खोलीतली पोती मला तोंडपाठ आहेत. ज्या शाळेने गणवेश बदलला त्या शाळेची हिरवी बटणं, कोटाची थाळीएवढी बटणं, शिंपल्याच्या आकाराची ती बटणं जी आता कुणी फुकटसुद्धा नेणार नाही. कागदावर हे सगळं पूर्ण किमतीला धरलंय. ताईच्या मनात खोट नाही. फॅशन परत येते, असा तिचा खराखुरा विश्वास आहे. पण हिशेबाचा नियम साधा आहे: माल घ्यायला पडलेली किंमत आणि आज बाजारात येणारी किंमत, यांतली कमी असेल ती धरायची. त्या नियमाने अर्धी खोली रिकामी झाली असती.

ती चहा गाळता गाळता म्हणाली, "खरं सांग, काही खटकतंय का?"

मी म्हणालो, ठीक आहे. ती म्हणाली, "नक्की?" मी म्हणालो, नक्की. मग तिने दुसऱ्यांदा चहा ओतला आणि आम्ही तिच्या गुडघ्याबद्दल बोललो.

का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर ती विचारणार, मग इतकी वर्षं काय बघत होतास? आणि दुसरं म्हणजे, ज्याने त्या यंत्रांच्या आवाजापासून पळ काढला त्याने तिला शहाणपण कोणत्या तोंडाने शिकवायचं? ही दोन्ही कारणं खरी आहेत. तरी मनाला लागून राहिलंय.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मंगळवारच्या वर्गात पुस्तकातलं उदाहरण घेतलं आणि वर्ग पेंगला. पुस्तकातल्या कंपन्यांना वासच नसतो. सगळे आकडे गोल, मालक कायम समजूतदार.

खरं उदाहरण हवं. आणि एक खरं उदाहरण माझ्या पिशवीत आहे, ताईच्या ताळेबंदाची प्रत.

१७ ऑगस्ट, रविवार

केलं. बटणांच्या कारखान्याची केली बाटल्यांची झाकणं बनवणारी कंपनी, मालकीणबाईंचे केले मालक, आणि प्रत्येक आकडा सव्वातीनने गुणला. आता बाबा स्वतः आले तरी ओळखणार नाहीत. शेवटी पाच प्रश्न घातले. पाचवा मला स्वतःलाच फार आवडला: "तुम्ही या मालकाचे विश्वासू सल्लागार आहात. त्यांना काय सांगाल, आणि केव्हा सांगाल?"

ताईला विचारायला हवं होतं का? नाव नाही, गाव नाही, आकडेही तिचे नाहीत. विचारलं असतं तर तिने उगाच काळजी केली असती.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काय वर्ग झाला आज. शेवटच्या बाकावरचा दाढीवालासुद्धा सरसावून बसला. हा दाढीवाला रात्रपाळी करून येतो आणि एरवी डोळे उघडे ठेवून झोपतो. पहिल्या बाकावर बँकेत कर्जविभागात काम करणाऱ्या एक बाई आहेत, मी त्यांना मनात बँकवाली म्हणतो. त्यांनी मालाच्या आकड्यावर नेमकं बोट ठेवलं. मग मी रंगात आलो. माल दोन प्रकारचा असतो म्हणालो, जागा आणि झोपलेला. झोपलेला माल ताळेबंदात जागा असल्याचं सोंग करतो, आणि हिशेबनीसाचं काम म्हणजे एकेक पोतं हलवून बघणं. हा शब्द ऐन वेळी कुठून सुचला कोण जाणे, पण फळ्यावर लिहिला तेव्हा वर्ग खूश झाला. नंतर जिन्यातसुद्धा दोघं 'तू झोपलेला माल आहेस' म्हणत एकमेकांना चिडवत होते.

मला इतका आनंद फार दिवसांत झाला नव्हता. तो घरापर्यंत टिकला नाही. कुलूप उघडताना ताईचा चहा गाळतानाचा चेहरा आठवला.

२६ ऑगस्ट, मंगळवार

पाच प्रश्नांची उत्तरं आज जमा करायची होती.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दाढीवाल्याने आज दिली. मी निम्मे गुण कापणार म्हणालो. तो शांतपणे म्हणाला की सर, मंगळवारी कामावर डबल ड्यूटी लागली, आणि उत्तरं तर बरोबर आहेत ना? मी म्हणालो, "बरोबर उत्तर उशिरा आलं की निम्मंच बरोबर असतं. धंद्यात तर तेवढंही नसतं." वर्ग हसला. तो नाही हसला.

घरी आल्यावर ताईचा फोन होता, तिला हा किस्सा रंगवून सांगितला. ती म्हणाली, "बिचारा. कडक झालास रे." मला बरं वाटलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

वर्ग सुटल्यावर बँकवाली थांबल्या. सगळे गेल्यावर विचारलं, सर, ही झाकणांची कंपनी खरी आहे का?

मी म्हणालो, छे, सगळं काल्पनिक.

त्या जरा वेळ पर्सचा पट्टा चाळवत राहिल्या. मग म्हणाल्या की त्यांच्या टेबलावर एक फाईल आहे. धंदा वेगळा आहे, आकारही बराच लहान. पण विक्रीमागे पडून असलेला माल, येणी, कर्ज, प्रत्येक गुणोत्तर तुमच्या कागदाशी जुळतं सर, अगदी दोन दशांशांपर्यंत.

लहान-मोठ्या धंद्यांत असे योगायोग होतात म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि सरळ माझ्याकडे बघत विचारलं, "म्हणजे तुमचा त्या फाईलशी काही संबंध नाही. मग मी तुमची पद्धत तिथे वापरली तर चालेल ना?"

नाही कसं म्हणणार? नाही म्हणणं म्हणजे कबूल करणं. मी म्हणालो, "शिकायचं त्यासाठीच असतं."

प्रत्येक आकड्याला एकाच संख्येने गुणलं तर प्रमाण तसंच राहतं. हे मी स्वतः दुसऱ्या व्याख्यानात शिकवलं. फोटो मोठा केला म्हणून चेहरा बदलत नाही. जगात ही चूक करू शकणारा माणूस शोधायचा तर तो हिशेबाचा मास्तरच निघणार. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या बँकेत काम करतात हे मला ठाऊक होतं. कुठल्या बँकेत, हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

ताईला फोन करून सांगायचं. ती स्वतःच आधी बँकेत जाऊन म्हणेल की आकडा चुकला होता, दुरुस्त करून आणलाय. असं केलं तर बँक उलट विश्वास ठेवते, मी कितीदा पाहिलंय. अजून वेळ आहे.

फोन हातात घेतला. मग वाटलं, उद्या सकाळी सांगावं, तेव्हा तिचा मूड चांगला असतो.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी ती मशीनवर होती, ऐकू येत नव्हतं. नंतर करते म्हणाली.

उत्तरपत्रिका तपासल्या. बँकवालींची सगळ्यांत चांगली. पाचव्या प्रश्नाला त्यांनी लिहिलंय, 'आजच सांगेन, कारण बँकेला कळायच्या आधी मालकाला कळलं पाहिजे.' पैकीच्या पैकी दिले आणि खाली 'उत्कृष्ट' लिहिलं. पेन खाली ठेवताना स्वतःची शिसारी आली.

ताईचा फोन आला होता. मी उचलला नाही. नंतर मेसेज केला की मीटिंगमध्ये होतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

ताईने कळवलं, बँकेचा एक माणूस न सांगता आला होता. मागची खोली उघडायला लावली, पोती खाली काढली, प्रत्येकावरची तारीख बघून लिहून नेली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. "म्हणतो कसा, तुमचा अर्धा माल झोपलेला आहे," ताई म्हणाली. मग थोडं थांबून, "तू वर्गात कसली उदाहरणं देतोस रे?"

काहीबाही, म्हणालो. परवा झाकणांच्या कंपनीचं दिलं.

"झाकणांच्या," ती म्हणाली. मग कारखान्याच्या छपराची गळती, शेजारचा नवा पंप, असं काहीतरी बोलत राहिली. थकलेली वाटली. तो बँकेचा माणूस माझाच शब्द तिच्या अंगणात बोलून गेला आणि तिला बिचारीला पत्ताही नाही, हे ऐकून मला रडूच यायचं बाकी होतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात भर दुपार आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

लिमिट निम्मं केलं. मालाच्या आकड्यावर आता भरवसा राहिला नाही, आणि एक आकडा खोटा निघाला की बाकीचे खरे आहेत कशावरून, असं बँकेने विचारलं. बँकेच्या जागी मी असतो तरी हेच विचारलं असतं. एवढ्या उचलीत शर्टवाल्यांच्या ऑर्डरचा कच्चा माल येणार नाही. ताईने ऑर्डर सोडली. दुसरी पाळी बंद होणार. त्या पाळीतल्या दोन बायका बाबांच्या वेळेपासूनच्या आहेत, मला लहानपणी त्यांनी बटणांच्या माळा करून दिल्या होत्या.

आजच विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. आतापर्यंतचे अभिप्राय उत्तम आहेत, विशेषतः झाकणांच्या कंपनीबद्दल. विभागाच्या संग्रहात हे उदाहरण घ्यायचं म्हणतात, म्हणजे दरवर्षी दुसरे मास्तरही ते शिकवतील. कायम होण्यात आता अडचण दिसत नाही, असंही म्हणाल्या. मी आभार मानले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

ताईचा फोन. आवाज अगदी नेहमीचा. रविवारी जेवायला ये, आणि येताना ते झाकणांचं उदाहरण घेऊन ये. "मलाही शिकू दे की काहीतरी. या वयात अक्कल येत असेल तर का सोडा," म्हणाली.

तिला खरंच शिकायची हौस वाटायला लागली असेल. संकटात माणसाला असं होतं. पण तो कागद तिच्यापुढे कसा ठेवू? ती शाळेत गणितात माझ्या पुढे होती, आपला ताळेबंद तिला झोपेतही ओळखू येईल.

२० सप्टेंबर, शनिवार

दिवसभर बसून तिच्यासाठी वेगळी प्रत तयार केली. या वेळी सगळ्यांना एकाच संख्येने गुणलं नाही. विक्री वाढवली, माल कमी केला, कर्ज जवळपास पुसलं. आता या झाकणांच्या कंपनीला काहीही झालेलं नाही. ठणठणीत कंपनी आहे. प्रश्न मात्र तेच ठेवले, नवे सुचेनात.

बायको मागून बघत होती. तिला मी अर्धंमुर्धं सांगितलंय. ती म्हणाली, "ताईंना एक वाक्य सांगायचं टाळायला किती रे मेहनत करतोस." मी प्रिंटर लावला.

२१ सप्टेंबर, रविवार

हे सगळं नीट लिहायचंय.

जेवण झाल्यावर ताईने चष्मा लावला आणि हात पुढे केला. मी कागद दिला. तिने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि कागद टेबलावर पालथा ठेवला.

"हा नको. वर्गात वाटलास तो दे."

मी म्हणालो, हाच तो. माझी पिशवी खुर्चीला अडकवलेली होती. ती उठली आणि पिशवी आणून माझ्या मांडीवर ठेवली. मी जुना कागद काढला.

तिने तो वाचलाही नाही. चष्मा काढून म्हणाली, "बाबा पोत्यांवर थाप मारायचे, आठवतं? हे जागं आहे, हे झोपलंय. आपल्या घराबाहेर हा शब्द कुणाला ठाऊक नाही. बँकेचा माणूस बोलला तेव्हा मी त्याला विचारलं, कुठून आणलास? आमच्या मॅडम संध्याकाळी कॉलेजला जातात, त्यांच्या सरांचा आहे, म्हणाला."

फळ्यावर लिहिताना मला वाटलं होतं, माझाच शब्द आहे. म्हणजे अकरा तारखेला फोन केला तेव्हाच तिला सगळं कळलेलं होतं. त्यानंतर दहा दिवस ती थांबली, छपराबद्दल बोलली, पंपाबद्दल बोलली, जेवायला बोलावलं. मी सांगावं म्हणून. आणि मी तिला शिकायची हौस आली असं लिहून ठेवलंय, याच वहीत.

मी बोलायला गेलो की आकडे बदलले होते, नाव बदललं होतं. तिने हातानेच थांबवलं.

"कागद नेलास त्याचं मला काही नाही. विचारलं असतंस तर मीच दिला असता. पण मी तुला विचारलं होतं रे. इथेच बसून, दोनदा. मला ठीक आहे म्हणालास आणि चाळीस परक्या माणसांना खरं सांगितलंस."

मी टेबलाकडे बघत बसलो. बोटं कागदाची कड दुमडत होती, ती तिने माझ्या हातातून सोडवली.

"पाचवा प्रश्न वाच," ती म्हणाली.

मी वाचला. तुम्ही या मालकाचे विश्वासू सल्लागार आहात. त्यांना काय सांगाल, आणि केव्हा सांगाल?

"दे उत्तर."

मग मी सांगितलं. हिरवी बटणं गेली, ती परत येणार नाहीत. कोटाची गेली. शिंपल्यांची तर बाबा असतानाच गेली होती. ती सगळी कमी करून ताळेबंद पुन्हा मांड, आणि बँकेने विचारायच्या आत तूच बँकेत जाऊन सांग. पोती वजनावर विकून टाक, जे येईल ते येऊ दे. खोली रिकामी झाली की तिथे दुसरं काही ठेवता येईल. सगळं मिळून चार-पाच वाक्यं झाली. बोलायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

ताईने मास्तरासारखं सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर आहे उत्तर," ती म्हणाली. "पण उशिरा आलंय. निम्मे."

ती हसली नाही आणि रागावलेलीही दिसली नाही. उठून मागच्या खोलीची किल्ली घेतली. आम्ही दोघांनी मिळून हिरवी पोती दाराशी ओढून आणली. तिचा गुडघा दुखत होता, मी नको म्हणालो तरी तिने पोत्याचं दुसरं टोक सोडलं नाही. एक पोतं फाटलं आणि बटणं जमिनीभर घरंगळली. ती आम्ही गोळा केली नाहीत.

२३ सप्टेंबर, मंगळवार

विभागप्रमुखांना उदाहरण संग्रहात घेऊ नका म्हणालो. कारण विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, कुणाचे हिशेब होते तेही. त्यांचा चेहरा उतरला. कायम करण्याबद्दल पुन्हा विचार करावा लागेल म्हणाल्या. करायलाच हवा.

बँकवालींनाही वर्गाबाहेर थांबवून सांगितलं की तो योगायोग नव्हता, मी खोटं बोललो. त्या म्हणाल्या, "मला त्या दिवशीच अंदाज आला होता, सर. तुम्ही नाही म्हणावं म्हणूनच तसं विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात." नाही म्हणालो असतो तर त्यांनी फाईल दुसऱ्याकडे दिली असती आणि ताईला आकडा सुधारायला वेळ मिळाला असता, असंही म्हणाल्या. बँक ताईवर चिडली असेल त्यापेक्षा त्या माझ्यावर जास्त चिडलेल्या होत्या आणि ते बरोबरच होतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

ताईची पोती वजनावर गेली. किती आले ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या पाळीतल्या दोघींपैकी एकीला तिने दिवसपाळीत घेतलंय. दुसरीला नाही घेता आलं.

आज गुणांची यादी द्यायची होती. दाढीवाल्याच्या नावापुढे पेन बराच वेळ थांबलं. त्याची उत्तरं खरंच चांगली होती, आणि मला कुणावर तरी दया करायची फार इच्छा होती.

गुण निम्मेच ठेवले. नियम बरोबर आहे.